दुसरा डोळा नेहमी का बिघडतो?

प्रश्न : बाई, मी २३ वर्षांची आहे. कराडजवळच्या एका गावात राहते आणि औषधांच्या दुकानात काम करते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांतच वर्षं गेली. माणसाचा चेहरा असा कधी काढलाच नाही. आता वर्षभर रात्री जेवणं उरकली की पेन्सिल घेऊन बसते. मार्गशीर्षात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तेव्हा तिला तिचंच चित्र काढून द्यायचं ठरवलंय. भावाच्या लग्नात आजीसोबत मोबाइलवर काढलेला सेल्फी समोर ठेवते. पहिला डोळा छान जमतो. दुसरा कधी वर जातो, कधी मोठा होतो, कधी भलतीकडेच बघतो. चौकटी आखूनही पाहिल्या. खोडून खोडून कागद फाटायला आलाय. शिवाय कपाळ छोटं आणि चेहरा लांबुडका दिसतो. आजीची डावी पापणी बरीच वर्षं थोडी उतरलेली आहे, ती चित्रात सरळ करू का? दोन्ही डोळे एकसारखे येण्यासाठी काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रासोबत आलेल्या तिन्ही चित्रांचे फोटो मी मोठे करून पाहिले. तिन्हींत कागदावरचा डावीकडचा डोळा अगदी पूर्ण आहे. पापणीचे केस, बुबुळातल्या बारीक रेघा, चमक, सगळं जागच्या जागी. आणि उजवीकडच्या डोळ्यापाशी कागद खरवडून मऊ पडलाय. म्हणजे तू एक डोळा पहिल्या रेघेपासून शेवटच्या केसापर्यंत पुरा करतेस आणि मग त्याच्यासारखा दुसरा काढायला घेतेस. सगळी गडबड इथेच होते.

पहिला डोळा काढताना तुला तो कशाशीच जुळवायचा नसतो. थोडा वर बसला, थोडा मोठा झाला, थोडा तिरका झाला तरी तेव्हा कळत नाही, कारण शेजारी तुलनेला काहीच नाही. ती सगळी चूक दुसऱ्या डोळ्याच्या वेळी उघडी पडते. तू मग दुसऱ्याला खोडत बसतेस, आणि चुकलेला असतो पहिला. तो इतका सुरेख झालेला असतो की त्याला हात लावायचा धीर होत नाही. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दुसऱ्या डोळ्याने रडवलेली मुलं दर वर्षी भेटली, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत खोडायला हवा होता तो पहिला डोळा.

तू दारात ठिपक्यांची रांगोळी काढत असशीलच. तेव्हा एक पाकळी रंग भरून, नक्षी काढून पुरी केली आणि मग समोरची पाकळी अंदाजाने घातली, असं करतेस का? आधी सगळे ठिपके पडतात. मग इकडे एक वळण, लगेच तिकडे तेच वळण. रंग सगळ्यांत शेवटी. डोळ्यांचंही असंच कर. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात मी एकदा तासभर उभी राहून आखणी पाहिली होती. मूर्तीच्या डोळ्यांच्या रेघा ओढण्याच्या कामाला तिकडे आखणी म्हणतात, आणि ते काम हात बसलेल्या माणसाकडेच असतं. त्या कारागिराने एका डोळ्याची वरची रेघ ओढली, कुंचला उचलला आणि दुसऱ्या डोळ्याची वरची रेघ ओढली. मग दोन्हींच्या खालच्या रेघा. मग दोन्ही बुबुळं. दोन्ही डोळे बरोबरच उघडत गेले. एकही डोळा दुसऱ्याच्या पुढे गेला नाही.

आता ठिपके कुठे टाकायचे ते सांगते. डोळे हे चेहऱ्यात बसलेले असतात, त्यामुळे चेहऱ्याची मापं आधी.

समज, डोकं १५ सेंमी उंच काढायचंय, टाळूपासून हनुवटीपर्यंत. टाळू म्हणजे केसांच्या खालची कवटी धरायची. समोरून पाहताना डोक्याची रुंदी उंचीच्या साधारण दोन तृतीयांश असते, म्हणजे १० सेंमी. डोळ्यांची रेघ उंचीच्या बरोबर मध्यावर येते, ७.५ सेंमीवर. हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. डोळे वरच असतात असं आपल्याला वाटतं, कारण आपण माणसाशी बोलताना डोळे, नाक, तोंड बघतो. कपाळ आणि केसांचा भाग आपल्या हिशेबातच नसतो. तुझ्या तिन्ही चित्रांत डोळे वरून साधारण एक तृतीयांश अंतरावरच आलेत. कपाळ छोटं दिसतं ते यामुळेच. कपाळ वाढवायला जाऊ नकोस, डोळे खाली आण.

या डोळ्यांच्या रेघेवर रुंदीचे पाच सारखे भाग कर. १० सेंमीला प्रत्येक भाग २ सेंमीचा. दुसऱ्या आणि चौथ्या भागात डोळे बसतात. मधला भाग रिकामा, म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा.

उरलेल्या चेहऱ्यासाठी तीन भागांचा हिशेब आहे, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. आपल्या शिल्पशास्त्रात चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, बारा अंगुळं. त्यातली चार कपाळाची, चार नाकाची, चार नाकाखालपासून हनुवटीपर्यंतची. इथे नवशिका हमखास गोंधळतो, म्हणून नीट बघ : अर्धा भाग मोजायचा तो टाळूपासून, आणि हे तीन भाग मोजायचे ते केस जिथे सुरू होतात त्या रेघेपासून. आपल्या १५ सेंमीच्या डोक्यात केसांची रेघ वरून २ सेंमीवर धर. उरले १३. त्याचे तीन भाग केले की एकेक सव्वाचार सेंमीहून जरा जास्त. म्हणजे भुवया वरून साधारण ६.३ सेंमीवर आणि नाकाचं टोक संपतं ते १०.७ वर. ओठांच्या मधली रेघ नाक आणि हनुवटीच्या बरोबर मध्ये येत नाही, नाकाच्या जवळ असते : नाकापासून एक भाग, हनुवटीपर्यंत दोन भाग. कान भुवईच्या पातळीला सुरू होतात आणि नाकाच्या खालच्या पातळीला संपतात. वय झालेल्या माणसाचा कान मात्र त्याहून लांब दिसतो, तो आजीचा बघून काढ.

आडव्या मापांइतकीच उभी मापंही कामाची. गवंडी ओळंबा सोडतो तशी एक रेघ डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली सोड. ती नाकपुडीच्या कडेला लागते. बुबुळाच्या मधून सोडलेली रेघ ओठांच्या कोपऱ्याच्या आसपास उतरते. ही मापं सरासरीची आहेत. कुणाचे डोळे जवळ असतात, कुणाची हनुवटी छोटी असते. तुझी आजी या सरासरीपासून कुठे वेगळी आहे ते शोधायला ही मापं वापर. त्या वेगळेपणातच ती ओळखू येणार आहे.

आणि एक रेघ सगळ्यांत आधी : कपाळाच्या मधून, नाकाच्या मधून, हनुवटीच्या मधून जाणारी उभी रेघ. डोळ्यांची रेघ तिच्याशी नेहमी काटकोनात असते. सेल्फीत आजीची मान तुझ्याकडे किंचित कललेली आहे. तू चेहरा कललेला काढलास आणि डोळ्यांची रेघ कागदाच्या कडेला समांतर ठेवलीस. मग एक डोळा वर गेल्यासारखा दिसणारच. मान कलली की ही दोन रेघांची फुली अख्खी कलते.

आता डोळे. रेघेवर आधी चारच ठिपके टाक, दोन आतले कोपरे आणि दोन बाहेरचे. पेन्सिल एचबी, हात हलका. बाहेरचा कोपरा बहुतेक चेहऱ्यांत आतल्यापेक्षा केसभर वर असतो. चारही ठिपके टाकून झाले की थांब. कागद हातभर लांब धरून बघ. इथे खोडायला एक सेकंद लागतो. पापण्यांचे केस काढून झाल्यावर आख्खी रात्र जाते.

मग वरच्या पापण्या, दोन्ही. मग खालच्या, दोन्ही. डोळा बदामासारखा काढायचा असं कुठेतरी शिकवतात, आणि मुलं दोन सारख्या कमानी एकमेकींवर उपड्या घालतात. खऱ्या डोळ्यात तसं नसतं. वरच्या पापणीचा सगळ्यात उंच बिंदू नाकाच्या बाजूला असतो आणि खालच्या पापणीचा सगळ्यात खोल बिंदू कानाच्या बाजूला. आत्ता उठून आरशात बघ. हे एकदा दिसलं की दोन डोळे एकमेकांच्या उलट, आरशातल्यासारखे का काढायचे तेही हाताला कळतं. एकच डोळा दोनदा काढला तर चेहरा परका वाटतो.

बुबुळ पूर्ण गोल दिसत नाही. डोळा स्वस्थ उघडा असताना वरची पापणी बुबुळाचा वरचा थोडा भाग झाकते आणि खालची त्याच्या कडेला जेमतेम टेकते. बुबुळ पूर्ण गोल दाखवलंस की माणूस दचकल्यासारखा दिसतो. तुझ्या दुसऱ्या चित्रात आजी दचकलीय ती यामुळे.

डोळा हा चेंडू आहे, हे विसरू नकोस. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि बाहेर दिसते ती त्याची छोटीशी फट. पापणी त्या चेंडूवर पांघरलेली असते आणि तिला जाडी असते. खालच्या पापणीची ती ओली कड उजेडात चकाकते, वरची पापणी चेंडूवर सावली टाकते. म्हणून डोळ्याचा पांढरा भाग कागदासारखा कोरा ठेवायचा नाही. वरून आणि कोपऱ्यांकडून हलकी छटा द्यायची. हे केलंस की पापण्यांचे केस फार काढावे लागत नाहीत. व्हिडिओंत एकटा डोळा चमचमता करून दाखवतात, लांब लांब केसांसकट. तू पाहून शिकलीस ते तसले व्हिडिओ असावेत. ते बघायला छान असतात, पण एकटा डोळा काढायची सवय लागली की चेहरा काढताना ती आड येते. दोन महिने ते बंद ठेव.

तू उजव्या हाताने काढतेस असं धरते. उजव्या हाताच्या मनगटाला एका बाजूचं वळण सोपं जातं आणि त्याच्या उलट वळण अवघड. शिवाय काढताना तळहाताखाली अर्धा चेहरा झाकला जातो. अवघड वळणाच्या वेळी कागद खुशाल फिरव, हात त्याच्या सोयीने चालू दे, आणि लगेच कागद सरळ करून तपास.

लांबुडक्या चेहऱ्याचं कारण वेगळं आहे. तुझ्या फोटोंत मागे पलंगाची चादर दिसते. कागद समोर आडवा पसरून तू त्यावर वाकतेस. आडव्या कागदाची उंची आपल्याला दबलेली दिसते, ती भरून काढायला हात नकळत चेहरा ताणतो. काढताना सगळं बरोबर वाटतं, आणि कागद भिंतीला लावला की चेहरा लांब झालेला. परीक्षेला वापरायचीस ते पॅड मांडीवर टेकवून, मागून उशी लावून, उभं तिरकं धर. कागद आणि नजर समोरासमोर आली पाहिजे. या एका बदलाने निम्मा लांबुडकेपणा जाईल.

चौकटींबद्दल विचारलंस. त्या वापरू नयेत असं मी म्हणणार नाही. पण बारीक चौकटी आखल्या की आपण चेहरा बघतच नाही, एकेक चौकट भरत जातो, आणि चौकटी नसल्या की पुन्हा पाटी कोरी. फार तर एक उभी, दोन आडव्या अशा मोठ्या रेघा ठेव, त्याही तपासायला.

तपासायच्या युक्त्या सोप्या आहेत. चित्र आरशासमोर धर; डोळ्याला सवय झालेली चूक उलट्या चित्रात ताबडतोब टोचते. मोबाइलवर फोटो काढून आडवा पलटवलास तरी तेच. कागद वरचा खाली करून बघ. चेहरा चेहरा राहत नाही, नुसते आकार राहतात, आणि कुठला डोळा वर आहे ते मग लपत नाही. ट्रेसिंग पेपरवर एक डोळा उतरवून, उलटा करून दुसऱ्यावर ठेवून पाहता येतं, पण ते तपासण्यापुरतंच. छापून घेतलेला डोळा चेहऱ्यात मेल्यासारखा दिसतो. शिवाय चमकेचा ठिपका उलटा करायचाच नसतो. उजेड एका बाजूने येत असेल तर दोन्ही बुबुळांत तो ठिपका त्याच बाजूला पडतो. एकीकडे डावा आणि दुसरीकडे उजवा ठिपका ठेवला की नजर भलतीकडे जाते. तू लिहिलंस ना, दुसरा डोळा भलतीकडेच बघतो? तुझ्या पहिल्या आणि तिसऱ्या चित्रात हेच झालंय.

सरावासाठी पहिले दहा दिवस आजीला हात लावू नकोस. रद्दीतली वर्तमानपत्रं घे. त्यात समोरून काढलेल्या चेहऱ्यांचे फोटो भरपूर असतात. त्यांच्यावरच बॉलपेनने मधली उभी रेघ, डोळ्यांची रेघ, नाकाची, ओठांची रेघ मार. रोज दहा चेहरे. मग कोऱ्या कागदावर पाच मिनिटांत एक, नुसत्या रेघा आणि ठिपके, छटा अजिबात नाही. दहा दिवसांनी तुझा हात डोळ्यांची रेघ आपोआप मध्यावर ठेवेल.

आता आजीच्या चित्राकडे येते.

तो सेल्फी बाजूला ठेव. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचं नाक फुगतं, कान मागे पळतात आणि चेहऱ्याची सगळी मापं बिनसतात. तू ते फोटोतलं प्रमाण मन लावून उतरवलंस, आणि ती आजी नव्हती. शिवाय काही मोबाइल समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवतात. तुझ्याकडच्या फोटोत आजीची चमकी कुठल्या नाकपुडीत आहे ते बघ. आपल्याकडे ती डाव्या नाकपुडीत घालतात, आणि पदरही डाव्या खांद्यावर असतो. म्हणजे समोरून बघताना दोन्ही आपल्या उजव्या हाताला यायला हवेत. तसे नसतील तर फोटो उलटा आहे, आणि तू आजीची उतरलेली पापणी आजवर चुकीच्या डोळ्याला काढत होतीस.

त्या पापणीबद्दल. ती सरळ करू नकोस. तू म्हणतेस ती बरीच वर्षं तशीच आहे, म्हणून मी निर्धास्तपणे सांगते. कुणाची पापणी अचानक उतरली तर आधी डॉक्टरकडे जायचं असतं. आजीची ती पापणी घरातल्या सगळ्यांनी रोज पाहिलीय. तू ती उचललीस तर डोळे एकसारखे होतील आणि बघणारा म्हणेल, चित्र चांगलंय, कुणाचं आहे? कुठल्याच माणसाचे दोन डोळे तंतोतंत सारखे नसतात. आपल्याला हवं असतं ते एवढंच, की दोन्ही डोळे एकाच डोक्यात, एकाच रेघेवर बसलेले असावेत आणि एकाच ठिकाणी बघत असावेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला, हातात कमळ धरलेला पद्मपाणी बोधिसत्त्व आठव. मान कललेली, चेहरा किंचित वळलेला, त्यामुळे दोन डोळे मापाने सारखे नाहीत. तरी त्या खाली झुकलेल्या नजरेत काही खटकत नाही, कारण दोन्ही डोळे मानेच्या त्याच कलाबरोबर गेलेत.

म्हणून चारही ठिपके नेहमीसारखे टाक. दोन्ही चेंडू सारखे, दोन्ही खोबणी सारख्या पातळीला. उतरलेली पापणी हा या बांधणीवरचा शेवटचा बदल आहे. आजीच्या डाव्या डोळ्याला, म्हणजे कागदावर उजवीकडच्या, वरच्या पापणीची कड खाली येईल, बुबुळ जास्त झाकलं जाईल, पापणीवरची घडी बदलेल. आणि बघ, अशा माणसांची त्या बाजूची भुवई बहुतेक वेळा किंचित उचललेली असते, कारण कपाळाचा स्नायू पापणीला वर ओढायचा प्रयत्न करत असतो. आजीची तशी आहे का ते फोटोवरून ठरवू नकोस, समोर बसून बघ.

रविवारी सकाळी तिला दाराजवळ बसव, उजेड एका बाजूने येईल असं. दिवा लावू नकोस. तू तिच्यासमोर तिच्याच उंचीवर बस. वय झालेलं माणूस फार वेळ एका जागी बसत नाही, म्हणून वीस-वीस मिनिटं कर आणि मध्ये चहा होऊ दे. तिला बोलू दे. पहिल्या दिवशी फक्त डोक्याचा आकार, फुली आणि ठिपके. उरलेल्या कामासाठी फोटो हवाच असेल तर भावाला दोन मीटर लांब उभं कर, मोबाइल आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांग आणि झूम करून काढू दे. तो फोटोही त्याच उजेडात, त्याच खुर्चीत काढलेला असावा.

डोळे सगळ्यांत शेवटी पुरे कर, कपाळ, गाल, पदर यांच्या छटा बसल्यावर. टूबी पेन्सिलने पापण्या, त्याहून गडद फोरबीने बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधला काळा ठिपका, दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून. चमकेची जागा सुरुवातीपासून कोरी राखून ठेव, खोडरबरने उजळलेली चमक मळकी दिसते. उजेड वरून येत असेल तर ती बुबुळाच्या वरच्या भागात पडेल. आजीच्या डाव्या डोळ्यात पापणी खाली आल्यामुळे ती चमक अर्धीच दिसेल, कदाचित दिसणारच नाही. दिसली नाही तर काढू नकोस.